ज्यानं काढलं त्यानंच बसवायचं

किल्ली फिरवली तरी स्कूटर हूं की चूं करेना. दिवा नाही, हॉर्न नाही. स्टार्टरचं बटण दाबलं तर दाराची बेल बिघडल्यावर येते तशी नुसती टक्‌सुद्धा आली नाही. सूनबाईनं घड्याळाकडे पाहिलं. ठमीच्या जन्मानंतरची लांबलचक रजा संपवून ती आज पहिल्यांदा ऑफिसला निघाली होती, तेही ठमीला सासूबाईंच्या भरवशावर सोडून. आणि सासूबाई म्हणजे दूध उतू जात असताना वरच्या मजल्यावर गप्पा मारणारं माणूस. आत्ताही त्या वरच होत्या आणि ठमी खाली सूनबाईच्या पायाशी रांगत होती. गाडी बंद पडली म्हणून सूनबाईच्या मनातला एक कोपरा गुपचूप खूशसुद्धा झाला.

"आपोआप बंद पडत नाही काही," सासरे जिन्यावरून उतरत म्हणाले. "शोधलं की सापडतं."

सासरे वीज कंपनीच्या उपकेंद्रातून निवृत्त झालेले. घराला त्यांचा एक नियम होता: विजेच्या वस्तूला हात लावायचा तर आधी सप्लाय तोडायचा, काढलेला भाग स्वतःजवळ ठेवायचा, आणि ज्यानं काढला त्यानंच बसवायचा. एकदा ते मीटरचा फ्यूज खिशात घालून फिरायला गेले आणि घरानं संध्याकाळभर पंख्याकडे आशेनं पाहिलं, तरी नियम मोडला नाही.

नवरा टेस्ट लॅम्प घेऊन आला. टेस्ट लॅम्प म्हणजे एक छोटा बल्ब आणि दोन वायरी. त्यानं सीट उचलून वायरी बॅटरीला टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला.

"बॅटरी ठणठणीत आहे. पुढे वायरिंगमध्ये लोचा असणार." नियमाप्रमाणे त्यानं बॅटरीच्या वायरीचा स्क्रू काढला, खिशात टाकला आणि चिकटपट्टी आणायला वर गेला.

तेवढ्यात ठमीनं चप्पल तोंडात घातली, म्हणून सूनबाईची पाठ वळली. सासऱ्यांना मुलाचं निदान कधीच पटत नसे. त्यांनी टेस्ट लॅम्प उचलला आणि वायरीच्या टोकाला लावला. बल्ब ढिम्म.

"म्हणे ठणठणीत. मढं झालंय बॅटरीचं." त्यांनी बॅटरीच उपसली आणि पोराला दाखवायला दुसऱ्या जिन्यानं वर नेली.

नवरा खाली आला तो रिकामा खड्डा बघून थबकला. "अगं, बॅटरी कुठंय?"

"बाबांनी नेली. मेलीय म्हणाले."

"मेलीय? मी वायरीचा स्क्रू काढलाय, तर बल्ब पेटेल कसा? बाबा!"

"तू काढलास ते बोलला का नाहीस?" वरून आवाज आला.

"तुम्ही विचारलंत का?"

"ऑफिसला मी उद्या जाऊ की परवा, तेवढं सांगा," सूनबाई म्हणाली.

बॅटरी परत आली. स्क्रू परत बसला. तरी गाडी मुकीच. मग शेवटी सासऱ्यांनी फ्यूजचं झाकण उघडलं. आत फ्यूज नव्हता. जळलेला नाही, तुटलेला नाही, जागाच मोकळी.

तिघांनी खिसे उलटे केले. किल्ल्या निघाल्या, रुमाल निघाला, चॉकलेटचा कागद निघाला. फ्यूज काही निघाला नाही.

"लहानसा असतो ना?" सूनबाईनं विचारलं.

"नखाएवढा. लाल."

लाल. नखाएवढा. तिघांच्या माना एकदमच ठमीकडे वळल्या. ठमी काहीतरी चघळत होती.

पुढचा प्रसंग फार वेगात घडला. सूनबाईनं ठमीचे गाल दाबले, नवऱ्यानं हनुवटी धरली, सासऱ्यांनी टॉर्च मारला. घशापर्यंत तपासणी झाली. बिस्किटाचा लगदा निघाला. पण गिळला असेल तर? सूनबाईनं ठमीला उचलून कडेवर घेतलं. "दवाखान्यात चला. आत्ता. गाडी काढा."

तिघांनीही गाडीकडे पाहिलं. गाडीनंही त्यांच्याकडे पाहिलं असावं.

"रिक्षा आणतो," म्हणत नवरा धावला, तो जिन्याच्या तोंडाशी आईवर आदळता आदळता वाचला.

"हे काय मांडलंय?" सासूबाईंनी विचारलं. "सकाळी एवढी घासूनपुसून ठेवली होती गाडी. सून कामावर निघाली, तर धुळीत बसून जाईल का?"

"पाण्यानं धुतलीस?" सासरे ओरडले.

"मग काय. आधी सप्लाय काढून." त्यांनी बटवा उघडला आणि लाल फ्यूज तळहातावर धरला.

सूनबाई तिथंच पायरीवर बसली आणि ठमीच्या केसांत तोंड खुपसून हसत राहिली.

"अगं, सांगायला काय झालं होतं?" सासरे म्हणाले.

"तुमच्या नियमात सांगणं कुठंय? काढा आणि जवळ ठेवा, एवढंच."

"मग बसवला का नाही?"

"सीटखालची ओल सुकायला नको? ओल्या जागी सप्लाय द्यायचा नाही, हेही तुमचंच. आता सुकली असेल, म्हणून तर खाली आले. सरका."

सासऱ्यांनी मदतीला पुढे केलेला हात त्यांनी बाजूला केला आणि स्वतः फ्यूज बसवला. किल्ली फिरली. दिवा लागला, हॉर्न वाजला, इंजिन गुरगुरलं. ठमीनं टाळ्या वाजवल्या.

सूनबाईनं ठमीला सासूबाईंकडे दिलं. ओठांवर सूचनांची अख्खी फौज तयार होती: भात मऊ, पाणी कोमट, दार बंद. समोर सासूबाई एका हातानं ठमीला सांभाळत दुसऱ्या हातानं खाली पडलेली प्रत्येक सुटी वस्तू उचलत होत्या. सूनबाईनं सगळ्या सूचना गिळल्या.

"आई, निघते."

"नीघ. हिची काळजी करू नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि सासऱ्यांच्या हातातला टेस्ट लॅम्प, मुलाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. "ह्या दोघांना तेवढं जरा बघावं लागेल."