डेलमारच्या भीतीचं वजन

डेलमार हाउगेन पिकअप निवडायला गेला, तो सगळ्या गाड्यांपुढे गुडघे टेकत सुटला. दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचायला दुसरा इलाज नव्हता. माणसं आणि सामान मिळून गाडीने किती वजन पाठीवर घ्यायचं, ते त्या पट्टीवर असतं.

"हा वीस हजार पौंड ओढतो, साहेब!" विक्रेता म्हणाला.

"ओढायचं कुणाला आहे? राहायच्या खोलीचा कॅम्पर पाठीवर बसवायचाय. पाठीचं बोला."

अमेरिकेतल्या मोंटानात एकतीस वर्षं शाळेची बस चालवून डेलमारने एक साधा ओरखडाही पडू दिला नव्हता. कारण एकच, तो सतत घाबरलेला असे. त्याच्या बायकोला, आर्लिसला, समुद्र पाहायचा होता आणि मध्ये घाट होता. त्या घाटाच्या भीतीपायी ही सहल सहा वेळा रद्द झाली होती.

"मला गरम होणारी सीट हवी," आर्लिस म्हणाली.

"साठ पौंड जातात त्यात! उतारावर ब्रेक लागले नाहीत तर गरमच होशील."

शेवटी त्याने मागे चार चाकं असलेला, आतून अगदी बोडका ट्रक घेतला. तरी निघायच्या दिवशी तो म्हणालाच, "आधी काट्यावर जाऊ. वजन जास्त भरलं तर घरी परत."

आर्लिसचा चेहरा पडला. सातव्यांदा.

धान्याच्या कोठारावरचा काटा वेंडेल सांभाळायचा. तो खिडकीतून ओरडला, "तीनशे दहा पौंड जास्त!"

"बघ! तुझा बिडाचा तवा! तुझ्या मुरंब्याच्या बरण्या!"

आर्लिसने तवा आणि बरण्या उतरवल्या. चाळीस पौंड कमी झाले.

"अजून दोनशे सत्तर," वेंडेल म्हणाला आणि त्याने कॅम्परचा मागचा कप्पा उघडला. "डेल, ही वाळूची पोती कशाला रे?"

"बर्फात चाकं घसरली तर?"

"जुलै चाललाय!"

पोत्यांमागून तीन जॅक निघाले, चाकांच्या साखळ्या निघाल्या आणि आग विझवायची तीन नळकांडी निघाली. आर्लिस कमरेवर हात ठेवून एकेक वस्तू बघत होती.

"डेलमार, एवढ्या वजनात चार गरम सीट बसल्या असत्या."

डेलमार पोती उतरवू लागला. सगळं उतरल्यावर वेंडेलने काटा पाहिला. "बारा पौंड शिल्लक. निघा आता!"

डेलमार उतरवलेल्या नळकांड्यांकडे वळला. "एक नळकांडं तरी घेऊ? नऊच पौंडांचं आहे."

"तवाही नऊच पौंडांचा आहे," आर्लिस म्हणाली.

डेलमारने दूरच्या घाटाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. घाटात आग लागेल की नाही, हे सांगता येत नव्हतं. तवा मागे राहिला तर गाडीत लागणार, हे नक्की होतं.

त्याने तवा उचलला, तिच्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली.