तेंडोलकर काका पास करत नाहीत

तेंडोलकर काका कुठलीही वस्तू घेताना ती आधी तळहातावर ठेवून डोळे मिटतात. कलिंगड असो, मिक्सर असो, नाहीतर चपला असोत. थोडा वेळ हात वरखाली करतात, मग डोळे उघडून निकाल सांगतात. आमच्या कॉलनीतल्या एका लग्नात त्यांनी आहेरात आलेला मिक्सर असाच तोलला आणि भर मंडपात विचारलं, “याच्या मोटरमधलं तांबं कुठे गेलं?” मिक्सर नवरीच्या मामाने दिलेला. मामा जेवण अर्धवट टाकून उठले.

काका ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टेस्टिंगला होते. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते त्यावर हिरवा किंवा लाल स्टिकर लावायचे. लाल जास्त, असं ते अभिमानाने सांगतात. रिटायर झाले तेव्हा स्टिकर कंपनीतच राहिले, सवय मात्र वर्तकनगरला घरी आली. “हे मी पास करत नाही,” हे त्यांचं वाक्य आमच्याकडे लहान मुलंही म्हणतात. गणपतीची रोषणाई त्यांनी पास केली नाही. सेक्रेटरींनी नवा इन्व्हर्टर आणून त्याची पूजा केली, तर प्रसाद हातात घेऊनच काका म्हणाले, “पेढा उत्तम आहे. इन्व्हर्टर पास करत नाही.” वस्तूच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही. जीभच वळत नाही.

ते तळमजल्यावर राहतात, आम्ही दुसऱ्यावर. तरी कितीतरी वर्षं माझं त्यांच्याशी बोलणं “हाय अंकल”च्या पुढे गेलं नव्हतं. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून कॉलनीत मला शिष्ट समजतात. खरं म्हणजे “काय गं, कशी आहेस?” या प्रश्नाला “बरी आहे” म्हटल्यावर पुढे काय बोलायचं ते मला सुचत नाही. मी कोणाच्या दाराची बेल वाजवत नाही. काही आणायचं असलं तर आईला पाठवते.

माझं काम न बांधलेल्या इमारतींची चित्रं करण्याचं. बिल्डर नकाशा देतात, मी कॉम्प्युटरवर त्याचे टॉवर, बाग, तलाव आणि तलावाकाठी हसणारी माणसं तयार करते. गेल्या वर्षी ऑफिस सोडून हे काम घरून सुरू केलं. घरून, म्हणजे दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. स्वतःच्या नावावर पहिलं मोठं काम मिळालं, शीळफाट्याजवळच्या एका प्रोजेक्टची फिल्म. ती वेळेत दिली तर पुढची कामं मिळणार होती. नाही दिली, तर परत ऑफिस, परत सगळ्यांबरोबर डबा खाणं.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बंद पडायला लागला. साधं काम असेल तर ठीक. फिल्म बनवायला लावली की थोड्या वेळाने खट्, आणि पडदा काळा. आईने ही बातमी खाली पाण्याच्या टाकीपाशी काकांना सांगितली. संध्याकाळी काका दारात.

त्यांनी कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीला नाक लावलं. डोळे मिटले.

“एसएमपीएस,” ते म्हणाले. “भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाढतो तो डबा. हा कॅबिनेटबरोबर फुकट आलाय ना? तरीच. काम वाढलं की याला धाप लागते.”

“पण अंकल, त्याच्यावर साडेचारशे वॅट लिहिलंय.”

“तो साखरपुड्यात सांगितलेला पगार. हातात किती येतो ते लग्नानंतर कळतं. आणि अंकल काय? काका म्हण.”

तिथून आमची शोधमोहीम सुरू झाली. मी ऑनलाइन मागवते म्हटलं तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी स्थळ न बघता अक्षता मागवल्या. ठाण्याच्या दुकानात त्यांनी एकेक डबा तळहातावर घेतला. “हलका. हलका. हा तर नुसता पत्रा आणि पंखा.” टॉर्च मारून जाळीतून आत बघितलं. “ये इकडे. बोर्डावर जागा आखल्यात, पार्ट बसवलेच नाहीत. तुझ्या बिल्डरसारखं. नुसते प्लॉट पाडलेत.” दुकानदार म्हणाला, “काका, सगळे हाच नेतात, कोणाची कम्प्लेंट नाय.” काका म्हणाले, “जळल्यावर कॉम्प्युटर कम्प्लेंट करत नाही, राजा.”

मग कल्याण. लोकल ते पास करत नाहीत, म्हणून शीळफाट्यावरून बस. वाटेत माझ्या प्रोजेक्टचा भलामोठा बोर्ड लागला. मोकळ्या माळावर माझा निळा तलाव.

“हा तू काढलास?”

“हो.”

बस पुढे जाईपर्यंत ते बघत राहिले. “झाडं चांगली आहेत. तलाव पास करत नाही. डास होतील.”

कल्याणच्या दुकानात एक काळाकुळकुळीत डबा त्यांच्या हातावर टेकला आणि काकांचा चेहरा उजळला. “वजन बघ! याला म्हणतात माल!” दुकानदार तरुण होता, त्याच्या तोंडावर हसू फुटत होतं. शेवटी त्याला राहवलं नाही. “काका, हा दाखवायला ठेवलाय. डुप्लिकेट आहे. बघा.” त्याने स्क्रू आधीच काढलेले होते. झाकण उचललं. आत कोपऱ्यात, वजनासाठी चिकटवलेला लोखंडाचा ठोकळा.

परतीच्या बसमध्ये काका तळहात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होते. मुंब्र्याच्या पुढे कधीतरी म्हणाले, “वजनानेही खोटं बोलायचं म्हणजे काय.” मला काहीतरी बोलावंसं वाटलं. नेहमीप्रमाणे काही सुचलं नाही, म्हणून मी पर्समधली चिक्की पुढे केली. त्यांनी घेतली. तोलली नाही.

त्यानंतर त्यांनी हातावरचा भरवसा सोडला आणि वाचनावर आले. परीक्षणं सगळी इंग्रजीत, लांबलचक. मी त्यांच्या घरी बसून मोठ्याने वाचायची आणि मराठीत सांगायची. काका डबे तपासायचे, आणि माझे आकडेही. “सेव्हंटी नाइन म्हणजे?” “सत्तर... नऊ?” “एकोणऐंशी! पास करत नाही.” डब्यावर नाव कोणाचं आहे त्यापेक्षा आतला माल कोणी बनवलाय, बारा व्होल्टला किती अँपिअर खरंच देतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढेच देईल का, हे तीन प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे. आई एकदा कढी घेऊन आली आणि ऐकत उभी राहिली. “काय हो भाऊजी, डबा बघताय की हिच्यासाठी नवरा?”

“डबाच, वहिनी. नवऱ्यावर वॉरंटी मिळत नाही.”

त्यांच्या घरात काहीच बिघडलेलं नाही. नळ गळत नाही, घड्याळ मागे पडत नाही. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला असतो. दाराच्या बेलला त्यांनी स्वतः वेगळी बॅटरी जोडली आहे. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “लाइट गेली म्हणून कोणी दारातून परत जायला नको.” मी तिथे बसायची तेवढ्या दिवसांत ती बेल वाजली, ती फक्त आईने वाजवली तेव्हा.

शेवटी एक एसएमपीएस तिन्ही प्रश्नांत पास झाला. तरी काका म्हणाले, “अजून दोन-चार बघू.” दुसऱ्या दिवशीही तेच. वॉरंटीचं पान त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. इकडे बिल्डरचा रोज फोन. मी सगळा धीर गोळा केला.

“काका, मला घरूनच काम करायचंय. ऑफिसला परत नाही जायचं. हा घेऊ या.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “घे,” म्हणाले. “चांगला आहे. केव्हाचाच चांगला आहे.”

बसवला त्या दिवशी ते सकाळपासून कॉम्प्युटरशेजारी खुर्ची टाकून बसले, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात तसे. एकेक चित्र तयार होत गेलं, डास होणारा तलावसुद्धा. दुपार झाली, चहा झाला, खट् काही झालं नाही. फिल्म पूर्ण झाली. आईने साखर वाटली. काका उठले, डब्यावर बोटाने एकदा टकटक केलं.

“पास. आता विसरून जा. चांगला एसएमपीएस तोच, जो बसवल्यावर आठवत नाही.”

आणि जिना उतरून गेले.

मी खरंच विसरले. पुढचं काम आलं, त्याच्या पुढचं आलं. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नव्हतं. मग एका दुपारी भाजी घेऊन येताना जिन्याच्या तोंडाशी थांबले. काका स्वतःच्या दाराबाहेर उभे होते. त्यांनी बेल दाबली. आतून येणारी ती चिमणीची किलबिल मान कलती करून शेवटपर्यंत ऐकली. ठीक आहे, अशी मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन-तीनदा मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. काय म्हणायचं तेच सुचेना. शेवटी एके सकाळी सुचलं, विसरायच्या आत भरभर खाली उतरले आणि बेल वाजवली. दार लगेच उघडलं.

“काका, एसएमपीएसच्या पंख्याचा आवाज येतोय.”

“आत्ता?”

“हो, आत्ताच. चालू ठेवूनच आले.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून आपल्या घरात बघितलं. त्यांच्या छतावरचा पंखा हळूहळू थांबत होता. फ्रिज गप्प. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, “अरे, लाइट गेली का तुमच्याकडे पण?”

मी जिन्यात असतानाच गेली असणार. बेल वाजली, म्हणून मला कळलंच नाही.

चपलेकडे बघत मी उभी राहिले. आता ते म्हणतील, पास करत नाही.

काका आत गेले. टॉर्च घेऊन, शर्टाची बटणं लावत बाहेर आले.

“लाइट नसताना आवाज येतोय,” ते म्हणाले, “म्हणजे मामला गंभीर आहे. चल.”

जिना चढताना त्यांनी विचारलं, “कसला आवाज? घरघर की टकटक?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

“बरं,” काका म्हणाले. “मग वेळ लागेल.”