गायमुखचा चढ

महिपतच्या मिठाच्या ट्रकला रिकंडिशन इंजिन बसलं आणि त्याच आठवड्यात त्याची बायको हंसा माहेरी, कळव्याला गेली. नवघरजवळ शांती नगरच्या इमारती उठत होत्या तेव्हाची गोष्ट. निघताना हंसा म्हणाली होती, "न्यायला येशील तं आपल्याच गारीनं ये. भावजयांना बघू दे." तेव्हापासून नवघरच्या त्या घरात चूल पेटे, पण चुलीपुढे कोणी गुणगुणत नसे. महिपत भात शिजवी, आणि भातही मन लावून शिजत नसे.

पहिले काही दिवस ट्रक बरा पळाला. मग मात्र गायमुखच्या चढावर रुसू लागला. काळा धूर ओकायचा, धापा टाकायचा, अर्ध्यावर उभा राहायचा. आणि कळवा चढापलीकडे.

बाबाजी मेकॅनिकने डिझेलचं फिल्टर बदललं. धूर तसाच. नोझल साफ केले, पंप उतरवून तपासून आणला. धूर वाढलाच.

"इंजिनात खोट नाय," बाबाजी म्हणाला. "डिझेल मिळतंय, हवा कमी पडतेय. हवेच्या नळीला ते फडकं कसलं? काढ ते."

"ते न्हाय काढाचं."

"का?"

महिपत दुसरीकडे बघू लागला. मिठागरात बायका नाकातोंडावर पदर बांधतात, तसं हंसाने जुन्या लुगड्याचं फडकं नळीच्या तोंडाला बांधलं होतं. "नवा जीव हाय, खार नको जायला," असं म्हणत निघायच्या दिवशी तिनेच गाठ मारली होती.

बाबाजीने बोटाने फडकं टोकरलं. घड्यांत मीठ बसलेलं, मिठाने ओल धरलेली, वर रस्त्याची धूळ बसून वाळलेली. फडक्याचा पार पापड झाला होता.

"माणसाचं नाक दाबून त्याला गोणी उचल म्हणतोयस तू."

"हंसानं बांधलंय ते."

"मग वहिनीलाच बोलव सोडायला."

"ती गारीशिवाय येत न्हाय."

"आणि गाडी हे सोडल्याशिवाय जात नाय. बघ बाबा, गाठ पायजे का बाई पायजे."

महिपतने बाबाजीला हात लावू दिला नाही. गाठ आवळली होती, ती त्याने दातांनी सोडवली. जिभेला मीठ लागलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं त्याने बाबाजीला सांगितलं. बाबाजीने पान्हे आवरायला घेतले.

मग गायमुखचा चढ ट्रक असा चढला, जशी पंचमीला लेक माहेराला निघावी. कळव्याच्या दारात महिपतने आरशात केस नीट केले आणि लांबलचक हॉर्न दिला. भावजया बाहेर आल्या. सासू हात पुसत आली.

"गारी झाक हाय," सासू म्हणाली. "पन हंसा न्हाय."

"कुठं गेली?"

"सकालच्या येष्टीनं, नवघरला. बोलली, इंजिनाची वाट बघून म्हातारी होईन मी."

महिपतने लगेच ट्रक मागे घ्यायला गियर टाकला.

"थांब," सासू म्हणाली. "घराची किल्ली कोनाजवल?"

महिपतने खिसा चाचपला. भावजयांनी तोंडाला पदर लावले.

"मंग ती कुलूप बघून येल परत," सासू म्हणाली. "बस गुमान."

महिपतने इंजिन बंद केलं आणि ओट्यावर बसला. सासूने चहा आणून ठेवला. रस्त्यावर येष्टीचा आवाज आला की तो उठून उभा राही. येष्टी पुढे निघून जाई, आणि चहावर साय धरत राही.