तीन पायऱ्या आणि एक वेल्डिंग मशीन

आमच्या ऑफिसात सुतळीचा गुंडा घ्यायचा झाला तरी तीन दुकानांची दरपत्रकं मागवावी लागतात. त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी दराखाली लाल रेघ मारायची आणि फाईल साहेबांकडे सरकवायची. हे काम मी एकोणीस वर्षं करतोय. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपल्याला बिनचूक निवडता येते, असा माझा पक्का समज होता. (होता. पुढे वाचा म्हणजे कळेल.)

वेल्डिंग मशीनची भानगड सुरू झाली ती माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यापासून. गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं, पण सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. घरात माणूस हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. बायको म्हणाली, "बाबा आता आपल्याकडेच." मीही म्हणालो, "अर्थात!" सासरे फोनवर म्हणाले, "येतो. पण जावईबापू, तुमच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. त्या माझ्या मी चढणार. मला पोत्यासारखं उचलून कुणी आत नेलं, तर त्याच टॅक्सीने परत जाईन."

आणि ते गेलेही असते. म्हातारा शब्दाचा पक्का. बायको त्या दिवशी तीनदा बाहेर जाऊन पायऱ्यांकडे बघून आली. दोन्ही बाजूंना धरायला काही नाही. तिचे डोळे भरले की मला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. लग्नापासूनची खोड आहे ही, आणि तिची फळं तीच भोगते.

"आपण लोखंडी दांडा बसवू," मी म्हणालो. "एका बाजूने. धरून चढतील."

गल्लीच्या टोकाला ग्रिल बनवणारा एक कारागीर आहे. तो म्हणाला, "करून देऊ की. पंधरा दिवसांनी आठवण करा." सासरे येणार होते रविवारी, आणि त्या दिवशी होता बुधवार.

"मग मीच करतो," मी म्हणालो.

"काय करता?"

"वेल्डिंग. एकदा मशीन घेतलं की जन्माची सोय. चपलांचा रॅक होईल, कुंड्यांचं स्टँड होईल..."

"अहो, गेल्या महिन्यात बल्ब बदलताना तुम्ही होल्डर हातात घेऊन उतरलात!"

"तो आधीच सैल होता."

"बरं, मग निदान बाबांना एक फोन करा. पस्तीस वर्षं कारखान्यात त्यांनी तेच केलंय!"

इथे माझी गाडी अडली. सासरे जातिवंत वेल्डर, हे मला ठाऊक होतं. पण पंधरा वर्षांत आमचं बोलणं "काय जावईबापू, बरं आहे ना?" आणि "हो, तुमचं?" यापुढे कधी सरकलंच नव्हतं. माणूस आदराने इतका वागवायचा की जवळ बसायची सोय नाही. आमच्या घरी आले की ते प्रत्येक लोखंडी वस्तूवर बोटाने टकटक करायचे आणि "हूं" म्हणायचे. त्या 'हूं'चा अर्थ विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. यावेळी त्यांनी माझ्या दांड्यावर टकटक करून "वा!" म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. म्हणून मी म्हणालो, "नको. सरप्राइज देऊ."

गुरुवारी रजा टाकून लोखंड बाजारात गेलो. पहिल्या दुकानदाराने एक अगडबंब धूड दाखवलं. हलवायला दोन माणसं लागली. "हे तुमच्या नातवंडांनाही पुरेल," तो म्हणाला.

"घरच्या लायनीवर चालेल?"

"हे चालेल की. मग घरात दुसरं काही चालणार नाही."

दुसऱ्या दुकानात चकचकीत मशीन होतं. त्याला स्क्रीन होता, तारेचं रीळ होतं, शेजारी गॅसची टाकी होती. किंमत ऐकून मी फक्त स्क्रीनचं कौतुक करून बाहेर पडलो.

तिसरा दुकानदार पहिल्यांदाच मला प्रश्न विचारणारा निघाला. काय करायचंय? पाईप किती जाड? घरी प्लग कसला? सगळं ऐकून त्याने फळीवरून जेवणाच्या डब्याएवढं, इन्व्हर्टरवालं हलकं वेल्डिंग मशीन काढलं. "घरच्या कामाला एवढं बास. फ्रिजच्या मोठ्या प्लगवर चालेल. आणि हे बघा साहेब, मशीन स्वस्त घ्या, पण डोक्यावर घालायचा मास्क चांगला घ्या. ठिणगी पडली की काच आपोआप काळी होते."

मी तक्ता भरला. वजन, किंमत, वॉरंटी. तिसऱ्याखाली लाल रेघ मारली. मास्कला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. मशीनबरोबर हातात धरायचा एक पुठ्ठ्याचा मास्क फुकट मिळत होता, तोच घेतला. दुकानदाराने बिल फाडलं. हातमोजे मात्र त्याने पदरचे टाकले. देव त्याचं भलं करो.

शुक्रवारी गवंड्याने पायरीच्या खालच्या बाजूला एक उभा लोखंडी खांब सिमेंटमध्ये पक्का करून दिला. आता काम एवढंच उरलं होतं: तिरपा पाईप खाली या खांबाला जोडायचा आणि वर दाराच्या लोखंडी चौकटीला.

शनिवारी सकाळी खिडकीतून वायर बाहेर काढली आणि कामाला लागलो. वेल्डिंगचा रॉड काडेपेटीच्या काडीसारखा घासायचा, असं मशीनच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. घासला, तर तो पाईपला चिकटून बसला. ओढला, तर पाईपसकट आला. करंट वाढवला, तर पाईपला भोक पडलं. (त्या भोकातून मला माझी चप्पल दिसली.) शिवाय एका हातात मास्क, दुसऱ्यात रॉड, मग पाईप कोणी धरायचा? म्हणून मी जरा मास्क बाजूला करायचो, अंदाज घ्यायचो, पुन्हा लावायचो. असं साधारण दोनशे वेळा झालं असेल. दुपारपर्यंत खालचा जोड झाला. मुंगळ्यांनी वारूळ करावं तसा दिसत होता, पण झाला.

रविवारी उठलो तर डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं वाटत होतं.

"अहो, डोळे बघा किती लाल झालेत! डॉक्टरकडे जा आधी," बायको म्हणाली.

"धूळ गेलीय. अकराला बाबा येतील. वरचा जोड करतो, मग जातो."

ठिणग्या घरात येऊ नयेत म्हणून तिने आतून लोखंडी जाळीचा दरवाजा लावून घेतला. आत ती आणि आमची कन्या, बाहेर मी आणि माझी कला. डोळ्यांतून धारा वाहत होत्या. तशातच, हाताने चाचपत, मी पाईपचं वरचं टोक लोखंडाला टेकवलं आणि चर्र करून डागलं. यावेळी रॉड चिकटला नाही. सुंदर आवाज आला. मला वाटलं, जमलं रे गड्या!

दहा मिनिटांनी आतून आवाज आला, "दार उघडत नाहीये."

"कडी काढ."

"काढलीय."

"मग जोर लाव."

"लावलाय. अहो, बाहेरून काहीतरी अडलंय."

मी डोळे फाकवून बघितलं. आमच्या दाराची चौकट करड्या रंगाची. दारही करड्या रंगाचं. दोन्ही एकाच पट्टीची, शेजारीशेजारी. चौकटीला जोडायचा दांडा मी बंद दाराला जोडला होता. खालून सिमेंटात रोवलेला खांब, वरून दार, मधे पाईप. घराला दुसरं दार नाही आणि खिडक्यांना गज आहेत.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"थोडी तांत्रिक अडचण आहे."

ती वाकली आणि तिने जाळीतून बघितलं. मिनिटभर गप्पच होती. (पंधरा वर्षांत असं मिनिट मी दुसऱ्यांदा अनुभवलं.) मग हळूच म्हणाली, "बाबांना कुठे बसवायचं आता? रस्त्यावर?" आणि तिच्या आवाजात जे काही होतं ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून कन्या आनंदाने ओरडली, "म्हणजे आज गणिताचा क्लास नाही!"

तेवढ्यात टॅक्सी थांबली.

सासरे वॉकर टेकत आले. दांडा बघितला, दार बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आत कोण आहे?"

"तुमची लेक आणि नात."

"आणि बाहेर?"

"मी."

"हूं," ते म्हणाले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "जोड मात्र पक्का झालाय. दोघी धक्के देतायत, हलत नाही."

"हातोडी आहे?"

दिली. त्यांनी एक हात वॉकरवर ठेवून, खालूनच पुढे झुकून वरचा जोड न्याहाळला आणि एका बाजूने टक् करून मारलं. एकदाच. माझा पक्का जोड ढलप्यासारखा उडाला आणि दार धाडकन उघडलं. मग त्यांनी खालच्या जोडावर टक् केलं. अख्खा पाईप ठणठणत माझ्या पायाशी येऊन पडला.

 मला एकदम घाम फुटला. दांडा मी बरोबर जागी जोडला असता, तर दार झोकात उघडलं असतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि सासऱ्यांनी नव्या गुडघ्याचा सगळा भार या मुंगळ्यांच्या वारुळावर टाकला असता. दुसऱ्या पायरीवर काय झालं असतं, त्याचा विचार आजही करवत नाही. जन्मात इतक्या चुका केल्या, पण या चुकीचे मी अजून आभार मानतो.

"बाबा," मी म्हणालो, "चुकलं माझं. तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं."

त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. मग एकदम गरजले, "अरे गाढवा! गंज न घासता, रंग न खरवडता वेल्डिंग करतोस? आणि हे डोळे? उघड्या डोळ्यांनी बघत होतास? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

पंधरा वर्षं हा माणूस मला 'जावईबापू' आणि 'तुम्ही' म्हणत आला होता. सांगतो तुम्हाला, 'गाढवा' इतका गोड शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"बाबा, ते जावई आहेत!" बायको दारातून म्हणाली.

"तू गप्प बस. स्टूल आण."

पायऱ्यांच्या बाजूला, दोन्ही जोड हाताशी येतील असं स्टूल टाकून ते बसले. मला पाईप घासायला लावला, दार सताड उघडं ठेवायला लावलं. मशीन मांडीवर घेऊन उलटंसुलटं बघितलं.  "मशीन बरोबर घेतलंस," ते म्हणाले. "हलकं आहे, या कामाला चोख आहे. कुणी निवडून दिलं?"

"तक्ता केला होता," मी म्हणालो. दुकानदाराचं नाव सांगायला हवं होतं, पण तेवढा एक मोठेपणा मी खिशात टाकला.

मग त्यांनी मास्क धरला. "तोंड फिरवा सगळ्यांनी," म्हणाले. मी तर डोळे मिटूनच पाईप धरून होतो, नुसता आवाज ऐकला. एकसारखा, संथ, कुठे अडखळणं नाही. वॉकरवर थरथरणारा तो हात रॉड धरल्यावर थरथरत नव्हता, असं बायकोने मला नंतर सांगितलं. सांगताना ती रडत होती. कामातून निवृत्त झाल्यापासून बाबांना इतकं खूश बघितलं नव्हतं, म्हणाली. ऑपरेशननंतर रोज म्हणायचे, माझा आता कुणाला काय उपयोग!

जोड थंड होईपर्यंत त्यांनी, गंमत बघत थांबलेल्या टॅक्सीवाल्याबरोबर, पायरीशीच चहा घेतला. मग उठले, वॉकर बाजूला ठेवला, दांड्यावर बोटाने टकटक केली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. कन्येने मोजलं: एक. दोन. तीन. वर पोचल्यावर ते मागे वळले आणि म्हणाले, "वा!" (स्वतःच्याच कामाला. पण माझ्याही मशीनला थोडं असेलच.)

ही पायऱ्या चढण्याची हकिगत मला ऐकून माहीत आहे, कारण तोवर माझे डोळे पार मिटले होते. पापणी वर उचलेना. "दांडा धर आणि ये वर," सासरे वरून ओरडले. मी दांडा समजून धरला तो निघाला सासऱ्यांचा वॉकर. तो घेऊन आडवा झालो, आणि शेवटी बायकोने खांद्याला व टॅक्सीवाल्याने पायाला धरून मला आत नेलं.

पोत्यासारखं उचलून आत नेण्याची वेळ त्या दिवशी एकाच माणसावर आली, आणि त्याचे दोन्ही गुडघे शाबूत होते.