फणसाच्या फळीवरचा दर्या

आयुष्यात लहानसहान खोटं मी पुष्कळ बोललो असेन. पण एक 'नाय' असं आहे, की त्याबद्दल आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. ते मी आमच्या शेजारच्या भाईंना म्हणालो, एका संध्याकाळी, त्यांच्याच पडवीत, त्यांच्या जावयासमोर.

आता भाईंचं लग्नच झालेलं नव्हतं. तेव्हा जावई कुठून आला, हे आधी सांगायला हवं.

भाई मुंबईत एका कारखान्यात फिटर होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तारकर्लीला परत आले ते शर्टाच्या खिशात व्हर्नियर घेऊनच. कशाचीही जाडी मोजायचं ते हत्यार त्यांनी खिशातून कधी काढून ठेवलेलं मी पाहिलं नाही. कुणी 'थोडंसं' म्हटलं, 'इथेच जवळ' म्हटलं, की भाई हात वर करायचे. "मापात सांग!" एकदा बाजारात ते बांगड्याची जाडी मोजत होते. मासेवाली किती वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मेल्या भाई, मासो घेतंस काय तेका कोट शिवतंस?" भाईंनी तिला आकडा सांगितला आणि दोन बांगडे घेतले.

दोन हजार चारच्या सुमाराला घरच्या घरी एक यंत्र बांधायचं त्यांनी मनावर घेतलं आणि ते मालवणच्या सायबर कॅफेत जाऊ लागले. तिथून इंग्रजी पानांचे गठ्ठे छापून आणायचे आणि मला वाचायला लावायचे. मी पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतो, म्हणजे माझं इंग्रजी चांगलंच असणार, असा त्यांचा समज होता. मी अंदाजाने अर्थ सांगायचो, ते मान डोलवायचे, आणि मग स्वतःला पटेल तेच करायचे. बहुधा म्हणूनच यंत्र चाललं.

यंत्र म्हणजे सीएनसी राउटर. पडवीत मांडलेली जेवणाच्या टेबलाएवढी लोखंडी चौकट, तिच्यावर इकडेतिकडे सरकणारा एक हात, हाताच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. जुन्या कॉम्प्युटरात चित्र भरायचं, की यंत्र ते लाकडात कोरून काढणार. गावाने त्याचं नाव उच्चारायचा प्रयत्न दोन दिवस केला आणि सोडून दिला. तिसऱ्या दिवशी भाईंनीच बारसं केलं.

"ह्येका तेल व्हया, रोज पुसूक व्हया, आवाज चढवून बोलाक नको. आणि रुसलो तर कारण सांगणा नाय. मगे जावय नाय तर काय?"

त्या जावयाचे लाड बघण्यासारखे होते. आमच्याकडचा खारा वारा लोखंडाला आठवड्यात गंज चढवतो. भाई रोज सकाळी चहाच्याही आधी शिवणयंत्राच्या तेलाने त्याचे रूळ पुसायचे. काम झालं की अंगावर गोधडी. पावसाळ्यात गोधडीखाली साठचा बल्ब, म्हणजे ओल धरायला नको. पहिला गणपती कोरला तो मात्र उजव्या सोंडेचा निघाला. एका मोटरची तार उलटी जोडल्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उमटलं होतं. उजव्या सोंडेचं सोवळं कडक. घरी न्यायला कुणी तयार होईना. भाईंनी तार बदलली, त्या गणपतीला पडवीतच बसवलं, आणि त्या दिवसापासून मासे खायला मागच्या दारी जाऊ लागले.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

भाईंचे थोरले भाऊ, दादा, त्याच घरात राहायचे. चाळीस वर्षं होडीवर तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या हुकमावर चालायची. बायको गेली, मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. दिवसभर पडवीत समुद्राकडे तोंड करून बसायचे. लाट फुटल्याच्या आवाजावरून भरती की ओहोटी ते सांगायचे आणि गप्प व्हायचे. भाईंना ती गप्प बसलेली पाठ बघवत नसे. त्यांनी ठरवलं होतं, समुद्राचा तळ फणसाच्या फळीवर कोरायचा. दादांना बोटांनी चाचपता यावा म्हणून.

पाण्याखाली कुठे काय आहे, हे दादांच्या डोक्यात होतं. कागदावर कुठेच नव्हतं. दुपारी जेवणं झाली की दोघं भाऊ बसायचे. दादा मिटल्या डोळ्यांनी सांगायचे, भाई वहीत उतरवायचे.

"देवळाचो कळस आणि मागच्या माडाचो शेंडो एका रेषेत इलो, की खाली रेव. सात वाव."

वाव म्हणजे दोन हात पसरल्यावरची लांबी. भाई पेन्सिल थांबवून विचारायचे, "सात म्हणजे सातच? साडेसात तर नाय?"

"दर्याक तुझी मिलीमीटरां लावतंस, मेल्या? लिही सात."

मी ओट्याच्या कडेला ऐकत बसायचो. दादांचा आवाज संथ होत जायचा. वारा पडलेला, माडांच्या सावल्या अंगणात पसरलेल्या, आणि आपण तिघं पाण्याखालून चाललोय असं वाटायचं. इथे चिखल, इथे शिंपल्यांचा थर, इथे एकटा खडक, ज्याच्या उजव्या अंगाने होडी काढायची. दादा बोलत असले की म्हातारे वाटत नसत. असा एक हिवाळा गेला.

मग फळी यंत्रावर चढली. हळूहळू त्या पिवळ्या लाकडातून दर्याचा तळ वर येऊ लागला. भुसा उन्हात तरंगत राहायचा. काम आठवडाभर चाललं, आणि शेवटच्या दिवशी नेमकी दादांची कुडाळच्या डॉक्टरकडची पाळी आली.

"मशीन मधीच थांबवची नाय," भाई मला म्हणाले. "तू हय बस. काय करू नको, नुसतो बस. आणि तुझो पंप तेवढो लावू नको."

आमची दोन्ही घरं एकाच खांबावर. माझ्या विहिरीचा पंप लागला की भाईंकडचं व्होल्टेज बसायचं. "जावयाक डोळे नाय रे," त्यांनी मला पूर्वीच समजावलं होतं. "तो नुसती पावलां मोजता. करंट कमी पडलो की पाऊल पडणा नाय, पण तेका वाटता पडला. मगे पुढचा सगळा सरकता."

ते गेले. तासाभराने आमची ही दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून ओरडली, "आवो, टाकी सुकली! पावण्याच्या डोक्याक साबण लागलोहा, पाणी खंय?"

मी दोनदा 'थांब' म्हटलं. तिसऱ्यांदा मला रागच आला. माझी विहीर, माझा पंप, आणि परवानगी शेजाऱ्याच्या जावयाची! मी उठलो, जाऊन बटण दाबलं आणि परत येऊन बसलो. यंत्राचा आवाज बदलला. दम लागलेल्या माणसासारखं ते मधेच अडायचं, पुन्हा निघायचं. मला ऐकू येत होतं. टाकी भरेपर्यंत मी बसून ऐकलं.

संध्याकाळी भाई आले. आल्याआल्या विचारलं, "पंप लावलंस काय?"

"नाय," मी म्हणालो.

"बरा केलंस." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

भाईंनी फळी घासून, तेल लावून दादांच्या मांडीवर ठेवली. दादांचं बोट किनाऱ्यावरून निघालं. रेवेवर थांबून ते हसले. "सात वाव!" मग बोट त्या एकट्या खडकाकडे गेलं आणि थबकलं. परत किनाऱ्यावर आलं, पुन्हा निघालं. तीन वेळा. मग दादांनी हात उचलला. "बरा झाला, भाई. खूप बरा झाला."

दुसऱ्या दिवशी भाई बाजारात गेलेले असताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "तो खडक माका जागेर गावणा नाय रे. भाईचा माप चुकणा नाय, म्हणजे माझ्याच डोक्यातसून दर्यो गेलो. भाईक सांगू नको. तेका वाईट वाटात."

तेव्हा सांगता आलं असतं. मी नुसती मान हलवली. त्यांना ती दिसली नाही.

त्यानंतर दादांनी फळीला हात लावला नाही, आणि समुद्राबद्दल बोलणंही थांबवलं. भरती-ओहोटीसुद्धा सांगेनात. भाईंनी वही पुन्हा पुन्हा तपासली, कॉम्प्युटरातले आकडे ताडून पाहिले. दोन्ही जुळत होते. फळी मोजावी, असं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. जावयावर त्यांचा तेवढा विश्वास होता, आणि माझ्यावरही. दोन वर्षांनी दादा गेले.

यंत्र तेव्हापासून बंद आहे. गोधडीखालचे रूळ गंजले. गेल्या महिन्यात मी दुपारी सहज डोकावलो, तर भाई फळी मांडीवर घेऊन बसले होते. डोळे घट्ट मिटलेले. किनाऱ्यावरून एक बोट हळूहळू पुढे नेत होते, थांबत होते, मागे येत होते. माझी चाहूल लागली तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "दादाक ह्यां आवडला नाय. कित्याक, तां काय कळणा नाय. तुका काय बोललो काय तो?"

मी पुन्हा 'नाय' म्हणालो.

भाई अजून शेजारीच राहतात. पंप मी लावला होता, आणि दादा दर्या विसरले नव्हते, एवढं मला त्यांना समोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.