खिडकीत दोन धाकट्या

कॅमेरा निवडायला तज्ज्ञ कशाला हवा? थोरलीनं आयुष्यात नवरा सोडून सगळं स्वतःच निवडलं होतं. नवरा तेवढा वडिलांनी निवडला, आणि नेमका तोच लवकर गेला! तेव्हा कॅमेराही तीच निवडणार होती.

थोरली आणि तिची धाकटी बहीण दोघी एकाच घरात राहायच्या. वरचा मजला, पूर्वेची मोठी खिडकी, खिडकीशी धाकटीचं शिवणयंत्र. सकाळी त्या खिडकीतून ऊन यायचं, ते कसं? सायीसारखं! सावकाश, जाडसर. त्या उन्हात बसलेल्या धाकटीचा एक फोटो थोरलीला हवा होता. फोनमधले नकोत. ते दिसले न दिसले तोच बोटाखालून सरकून जातात. हातात धरता येईल, उशीखाली ठेवता येईल असा फोटो.

कारण थोरलीच्या लेकानं दम भरला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो म्हणाला होता, "आई, पुन्हा डोळ्यांची तक्रार आली ना, तर हे घर बंद. तू माझ्याकडे यायचं आणि मावशीनं मामाकडे!"

म्हणजे जन्मभराची जोडी दोन शहरांत!

दुकानात गेल्यावर दुकानदारानं तीन कॅमेरे मांडले. थोरलीनं भाजीवाल्याकडे भेंडी पाहावी तसे उलटेपालटे करून पाहिले. पहिला उचलताना मनगट दुखलं. दुसरा इतका हलका, की पोकळच असावा अशी शंका आली. तिसऱ्याची कळ दाबली तर आवाज कसा, झोपलेल्या घरात कुणी हलकेच कडी काढावी तसा!

"हाच!"

"हा रेंजफाइंडर, काकू. अगदी नवा निघालाय, पण रीळ मात्र जुन्यासारखं घालायचं. आता यात काय करायचं, की—"

"मला सगळं समजतं!" असं म्हणून थोरलीनं कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावला.

समोर दोन दुकानदार होते.

एक खरा. दुसरा फिकट, त्याच्या खांद्यावरून वाफेसारखा तरंगणारा. थोरलीला वाटलं, डोळे पुन्हा गेले!

"कसं दिसतंय, काकू?"

"लख्ख!" थोरली म्हणाली. "बांधून द्या."

घरी येऊन तिनं धाकटीकडे पाहिलं. तिथंही दोन धाकट्या! यंत्रावरची खरी, केस पिकलेली. आणि तिच्या शेजारी एक पुसट, उजेडाची बनलेली. लहानपणी ताप चढला की धाकटी अशीच उशापाशी तरंगायची. क्षणभर थोरली भीतीच विसरली. बघतच राहिली.

"ताई, मला बघू दे की!" धाकटीनं कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला.

"काय गं?"

"काही नाही. छान आहे."

त्यानंतर धाकटी कारण नसताना सुईत दोरा ओवत बसली. थोरली औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचत सुटली. दोघींची नजर कशी शाबूत आहे, हे दोघी एकमेकींना दाखवत होत्या!

दुसऱ्या दिवशी थोरली म्हणाली, "भाजी आणते."

"मी दोरा आणते," धाकटी म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाकावर दोघी शेजारी-शेजारी आल्या.

"ही का तुझी भाजी?"

"आणि हा तुझा दोरा?"

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. "आजी, दोघींचे डोळे ठणठणीत आहेत!"

"मग मला हिला दोन नाकं का दिसतात?" थोरलीनं पिशवीतून कॅमेरा काढून त्यांच्या हातात दिला.

डॉक्टरांनी डोळा लावला. चष्मा काढला. पुन्हा लावला. कपाळावर घाम आला.

"सिस्टर, जरा समोर उभ्या राहा. एकट्या राहा हो! दोघी नको!"

"मी एकटीच आहे, डॉक्टर!"

हे ऐकून बाहेरच्या बाकावरून दोन पेशंट चपला शोधू लागले.

शेवटी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काल हेच सांगत होतो! पुढची, लेन्सभोवतीची गोल कडी फिरवा. दोन चित्रं एकावर एक आली, की फोटो स्पष्ट येतो." डॉक्टरांनी कडी फिरवली. दोन सिस्टर सरकत-सरकत एक झाल्या. "जुळल्या!" डॉक्टर असे ओरडले, जणू लग्नच जमलं!

पण बाकावर शेजारीणही बसली होती. तिनं थोरलीच्या लेकाला कळवलं, आणि रविवारी सकाळी लेक रिकाम्या बॅगा घेऊनच दारात!

"आई, आता काही ऐकणार नाही. आवरा!"

"आधी उभा राहा उन्हात," थोरली म्हणाली. तिनं कडी फिरवली. "शर्टाचं दुसरं बटण सुटलंय. हनुवटीवर दाढी राहिलीय. मावशीच्या मागे उभा राहा आणि पोट आत घे!"

लेक चकित झाला. त्यानं निमूट पोट आत घेतलं.

मग थोरलीनं सगळं रीळ संपवलं. कॅमेऱ्याच्या खिडकीत पुसट धाकटी हळूहळू तरंगत यायची आणि खऱ्या धाकटीत शिरायची, माहेरी परतावी तशी. त्या वेळी थोरली श्वाससुद्धा घ्यायची नाही. आत एक लाल दिवा सारखा लुकलुकत होता. कॅमेऱ्यालाही गहिवरून आलं असावं!

लेकानं रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या. "डोळे बरे दिसतायत तुझे," तो कुरकुरला.

रीळ धुऊन आलं तेव्हा तिघंही दुकानात हजर होती. दुकानदारानं पट्टी उजेडात धरली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. कोरी!

"काकू, लेन्सवरचं झाकण काढलं होतं ना?"

"झाकण असतं तर मला दिसलं कसं असतं?"

"बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी! झाकण असलं तरी तुम्हाला दिसणारच. तो लाल दिवा अंधार आहे म्हणून ओरडत होता बिचारा!"

लेकानं तोंड उघडलं. थोरली त्याच्याकडे वळली.

"मी मागे होते, बाबा. झाकणाच्या समोर तासभर पोट आत घेऊन कोण उभं होतं?"

लेकानं पुन्हा पोट आत घेतलं. त्यानंतर घर बंद करायचा विषय त्यानं काढला नाही. थोरली विजयी मुद्रेनं धाकटीकडे पाहून हसली. धाकटी मात्र पदराशी चाळा करत होती.

"ताई, मला दिसलं होतं गं ते झाकण."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ते मलाच दिसतंय!"