मंडळात भांडण नको म्हणून

"आमच्या मंडळात यापुढे भांडण होणार नाही. झालं तर माझं नाव बदला," असं गुरुदासने कचेरीत चारचौघांना ठणकावून सांगितलं. नाव बदलायची वेळ आली नाही. पण म्हणून तो सुखी झाला असं कुणी समजू नये.

सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि मालवणात जो तो मंडळ काढत सुटला होता. गुरुदासने जखमी जनावरांसाठी काढलं. बाजारामागच्या पडवीत चार लंगडे कुत्रे, एक आंधळी म्हैस आणि मांजरं येतील तशी. पडवी तुळसाकाकींची, म्हणून अध्यक्ष त्या. बैलगाडी बाबलीची, म्हणून जनावरं आणायचं काम त्याचं. मलमपट्टी शाळेतल्या सुशीलाबाईंकडे. उरलेलं सगळं, चहासुद्धा, सचिव गुरुदासकडे.

आता मुक्या जिवांची सेवा करणारी माणसं एकमेकांना काय काय बोलतात, ते अशा मंडळात राहिल्याशिवाय कळायचं नाही. म्हैस बिचारी कधी कुणाला लागेल असं बोलली नाही. बाबली कुत्र्यांना बांगडा मासळीची डोकी घालायचा. बाई म्हणायच्या, काटा अडकेल, पेज द्या. हे रोजचंच. एक दिवस बाबलीचं डोकं फिरलं. "बाईनू, ह्ये कुत्रे तुमच्या वर्गात शिकाक येणत नाय," तो म्हणाला. बाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली, चप्पल घातली आणि गेल्या. त्यानंतर महिनाभर पडवीत फिरकल्या नाहीत.

गुरुदास चाळिशीचा, एकटा. कचेरी सुटली की पडवीत येऊन चहा टाकायचा आणि सवयीने बाईंचाही कप मांडायचा. जनावरांवर त्याची माया होती, नाही कोण म्हणतो? पण रोज संध्याकाळी पाय आपसूक पडवीकडे वळायचे ते म्हशीसाठी नव्हे, हे बाई यायच्या बंद झाल्यावर त्याला कळलं. त्या नसल्या की समुद्राचा वारासुद्धा त्याला शिळा वाटायचा. फाटकाची कडी वाजली की तो उठून उभा राहायचा, आणि यायचा आपला बाबली.

अशात गावच्या देवळात गाऱ्हाणं ऐकताना त्याला उपाय सुचला. गावचा मानकरी, म्हणजे गावकर, नारळ धरून देवाला सगळं सांगतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिथे कुणी उलट बोलल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मग मंडळातही तसंच करायचं. तक्रार माणसाला सांगायची नाही, देवाला सांगायची. बाकीच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. भांडायचं म्हटलं तरी भांडणार कसं?

रविवारी सकाळी गुरुदासच्या निरोपाप्रमाणे बाई खरंच आल्या. गुरुदास फाटकाशीच होता, म्हणजे पहाटेपासून तिथेच होता.

"कट्टा गावच्या शाळेत जागा झाली आहे," बाई म्हणाल्या. "भाऊही तिथेच राहतो. जायचं की नाही ते उद्या कळवायचंय. म्हटलं, आधी इथे येऊन बघावं."

"काय बघावं?"

"इथे कुणाला आपली गरज आहे का ते."

जाऊ नका, हे दोन शब्द गुरुदासच्या अगदी ओठांवर आले. तेवढ्यात आतून तुळसाकाकी ओरडल्या, "नारळ खंय ठेवलंस रे?" गुरुदासने विचार केला, आधी समेट होऊ दे, मग निवांत बोलू. असल्या निवांतपणाने आजवर किती जणांची वाट लावली असेल, देव जाणे. पलीकडे बैल सोडत असलेल्या बाबलीने मात्र सगळं ऐकलं होतं.

गाऱ्हाणं सुरू झालं. पहिला मान काकींचा. "बा देवा म्हाराजा, ह्या मंडळात चाय म्हणान नुसता पाणी मिळता."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गुरुदासनेही निमूट म्हटलं.

"सचिव सभा ठेवता नि झोपान काढता."

"व्हय म्हाराजा."

रस्त्याने जाणाऱ्यांनी गाऱ्हाण्याचा सूर ऐकला आणि ते अंगणात शिरले. गाऱ्हाणं कुणाचं, कशाबद्दल, ते आपल्याकडे विचारत नाहीत. पायातलं काढून उभं राहायचं आणि व्हय म्हणायचं. बघता बघता अंगण भरलं. कुत्र्यांनीही सूर लावला. गुरुदासला असा हुरूप चढला की दर खेपेला तो सगळ्यांच्या वर आवाज काढू लागला.

मग बाबलीने नारळ घेतला. बाईंचा चेहरा कडक झाला. पण एवढी माणसं बघून बाबलीला एकदम भरून आलं.

"बा देवा म्हाराजा, माझी जीभ तिखट. बाईंका लागला, ती चूक माझी."

"व्हय म्हाराजा."

"मुक्या जिवांका त्यांनी आयशीसारख्या बघितल्यानी. त्यांचा बरा कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि त्यांका कट्ट्याची शाळा मिळांदे. भावाजवळ सुखान रवांदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण गरजलं, आणि त्यात सर्वांत वरचा आवाज सचिवांचा होता. शब्द तोंडातून सुटला आणि मग त्याचा अर्थ गुरुदासच्या डोक्यात शिरला.

बाई डोळे पुसत बाबलीजवळ गेल्या. "मनात काही ठेवू नका," म्हणाल्या. काकींनी दोघांच्या हातात खोबरं दिलं. असा समेट जिल्ह्यात झाला नसेल. मग बाई गुरुदासकडे वळल्या.

"तुमचा आवाज सगळ्यांच्या वर होता," त्या हसून म्हणाल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "बरं झालं. मला उगाच वाटत होतं, कुणीतरी अडवेल."

"बाई, तसं नव्हे, मी..." गुरुदास बोलू लागला. पण दोन बायका बाईंना हळदीकुंकवाला ओढत घेऊन गेल्या, आणि एवढ्या माणसांत ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती.

पुढच्या रविवारी बाईंचं सामान बाबलीच्याच गाडीतून निघालं. ट्रंक गुरुदासने चढवली. "आता तुम्ही दोघं भांडलात तर कळवा," बाई म्हणाल्या, "मिटवायला मी येईन."

तेव्हापासून गुरुदासने कंबर कसली आहे. बाबलीची गाडी उशिरा येते म्हणून तो खेकसला. बाबली दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर. बैलांना त्याने मरतुकडे म्हटलं. बाबलीने मान डोलावली आणि दोघांना पेंड घातली. शेवटी काल गुरुदासने सगळ्यांदेखत त्याला आळशी, गाढव, मंडळाला लागलेली कीड असं सगळं ऐकवलं आणि आशेने वाट बघत राहिला.

बाबलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बोला भाऊ, मन मोकळा करा," तो म्हणाला. "माका आता कोणाचो रागच येना नाय."